मार्चमधली सही, जूनमधलं लग्न

सहा वर्षं मी पगार घेऊन अनोळखी माणसांच्या लग्नाचे फोटो पाहिले.

तळवड्यात आयटी पार्कच्या मागच्या रस्त्याला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली टू-व्हीलरचं गॅरेज, वर आम्ही. परदेशी शिकायला जाणाऱ्यांचे, आणि त्यांच्या मागून जाऊ पाहणाऱ्या नवऱ्यांचे किंवा बायकांचे व्हिसाचे कागद लावून देणं हा आमचा धंदा. इमारत तात्यांची, धंदाही तात्यांचा. तात्या मूळ गावचे. जिथे आता काचेच्या कंपन्या उभ्या आहेत तिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी असायची. स्वतः तात्यांनी विमान आतून पाहिलेलं नाही, पण कोणत्या देशाला किती फोटो लागतात हे त्यांना तोंडपाठ.

मी दापोडीची. वडील भोसरीच्या एमआयडीसीत टर्नर होते आणि त्याहून जास्त युनियनचे होते. आमच्या वह्यांना कव्हरं असायची ती उरलेल्या पत्रकांची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' या ओळीवर. पुढे कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. त्यातल्या एकाचा या हकिकतीशी संबंध आहे, म्हणून त्याचं नाव इथेच सांगते: 'सही करा, संसार करा'. त्यात मी ठणकावून लिहिलं होतं की लग्न म्हणजे दोन माणसांनी कायद्यासमोर केलेला करार. रजिस्टरवर सही झाली की लग्न झालं. मंडप, आहेर, मानपान हा नुसता पसारा, आणि त्यानंतरचं जेवण म्हणजे फक्त जेवण. ते शेवटचं वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. मी ते लाल शाईत छापून घेतलं होतं.

तात्यांनी नोकरीवर ठेवताना माझ्या अर्जाला चुकून जोडलं गेलेलं तेच पत्रक वाचलं आणि म्हणाले, "लिवता बेस. कवर लेटर लिवायला कोन तरी पायजेच हाय." त्या दिवसापासून मी त्यांची पत्रकबाई.

हे काम काय असतं ते आधी सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं की तिकीट काढलं की माणूस जातो. समजा बायको शिकायला परदेशी गेली. ती तिथे पाहुणी, ठरावीक मुदतीची. तिच्या आधारावर नवऱ्याला जायचं असेल तर तिथलं सरकार तीन गोष्टी विचारतं. ती खरंच शिकतेय का? दोघांचं तिथे भागेल का? आणि हे लग्न खरं आहे का? पहिल्या दोन गोष्टींना कॉलेज आणि बँक कागद देतात. तिसरीला कोण देणार? म्हणून फोटो. म्हणून फोनवरचे मेसेज, एकत्र प्रवासाची तिकिटं, लग्नपत्रिका, दोन्ही घरच्यांची पत्रं. खऱ्या संसाराचे पुरावे गोळा करून, तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकाखाली इंग्रजीत एक ओळ लिहून फाईल बनवायची.

यात माणसं कळायची. चऱ्होलीचे एक जण लग्नाची पत्रिका घेऊन आले, तर तिच्यात निमंत्रकांची इतकी नावं की नवरीचं नाव शोधायला मला पेन धरून ओळ न् ओळ उतरावी लागली. एका जोडप्याकडे एकमेकांना पाठवलेला एकही मेसेज नव्हता. दोघं लहानपणापासून एकाच चाळीत वर-खाली राहत होते, हाक मारली की काम व्हायचं. आमच्या बौद्ध समाजाच्या फायलींना तर मी प्रत्येक वेळी एक खास ओळ घालायचे: फोटोतले पांढरे कपडे हेच आमच्यात लग्नाचे कपडे असतात. एकदा कुणीतरी तिकडून विचारणा केली होती की हा नक्की कुठला समारंभ आहे.

आणि नियम तर पायाखालून सरकत राहायचे. इंग्लंडने बहुतेक विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना दार लावलं. कॅनडाने कोणत्या कोर्सला जोडीदार चालेल याची चाळणी बारीक केली. ऑस्ट्रेलियाचं दार उघडं होतं, पण त्याला एक कडी होती. विद्यार्थ्याने स्वतःच्या पहिल्या अर्जातच नवरा, बायको, मुलं जी असतील ती सांगायची. सोबत येणार नसली तरी सांगायची. लपवलेला जोडीदार मागून आणता येत नाही. व्हिसा मिळाल्यानंतर लग्न झालं तर गोष्ट वेगळी, मग आणता येतो.

ही कडी मला पाठ होती. आलेल्या प्रत्येकाला मी ती समजावून सांगत असे. हे लक्षात ठेवा.

स्नेहल माझ्याच भागातली, दापोडीला आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडची. तळवड्यातच एका कंपनीत टेस्टिंग करायची. अमोल भोसरीचा, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, कॉन्ट्रॅक्टवर. दोघांचं जमलेलं, दोन्ही घरांना मान्य. स्नेहलला मेलबर्नला मास्टर्स करायचं होतं आणि अमोलने मागून जायचं होतं. त्याचे मित्र त्याला चिडवायचे, "राव, बायकोच्या व्हिसावर चाललाय, तिकडे गेल्यावर आडनाव पण तिचंच लावणार का?" तो हसायचा आणि म्हणायचा, "तिचं आडनाव चांगलंय, लावीन की."

लग्नाचा कागद हातात असावा, नंतर घाई होते, म्हणून आधी नोंदणी करून ठेवा असं त्यांना सांगणारी मीच. सांगताना माझ्यातलं पत्रक जागं झालं असणार, कारण अमोल म्हणाला, "ताई, पटलं, आता बास." नोटीस लावली, महिना गेला, मार्चमधला एक मंगळवार ठरला. त्या दिवशी सकाळी अमोलचा फोन. त्याचा मित्र, तिसरा साक्षीदार, फर्स्ट शिफ्टला अडकला होता.

"ताई, आधार कार्ड घेऊन या. सही तर करायचीय."

मी गेले. अधिकाऱ्यासमोर दोघांनी शपथ वाचली, सह्या केल्या. स्नेहलच्या भावाने सही केली, अमोलच्या मामाने केली, खाली मी केली. हार आणायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. बाहेर येऊन आम्ही मिसळ खाल्ली. अमोल घड्याळ बघत होता, त्याची सेकंड शिफ्ट होती. तो तिथूनच चाकणला गेला. स्नेहल भावाच्या गाडीवर बसून आईकडे गेली. मी ऑफिसात आले. तात्यांनी विचारलं, "झालं का काम?" मी म्हटलं, "झालं."

आम्ही त्याला काम म्हटलं.

तीन आठवड्यांनी स्नेहल तिच्या स्टुडंट व्हिसाचा फॉर्म भरायला आली. ती समोर बसून सांगत होती, मी भरत होते. नाव, पासपोर्ट, शिक्षण. मग वैवाहिक स्थिती. तिथे यादी येते: विवाहित, अविवाहित, लग्न ठरलेलं, घटस्फोटित, आणखी काही. मी विचारलं, "लग्न कधीय गं?"

"जूनमध्ये. व्हिसा आल्यावर हॉल बुक करणार. आई म्हणते आधी पोरगी जाणार का ते तर कळू दे."

मी 'लग्न ठरलेलं' यावर टिक केली. मला तर वाटलं, किती काटेकोर भरतेय मी. दुसऱ्या कुणी सरळ 'अविवाहित' केलं असतं. स्नेहलने फॉर्म वाचून पाहिला, मान हलवली, सही केली. मी, जिने त्या लग्नाच्या दाखल्यावर साक्षीदार म्हणून सही केली होती, तिने हे केलं. आज कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी त्या क्षणी मनात शंका आल्याचं मला आठवत नाही. शंका आली असती तर निदान गुन्हा तरी म्हणता आला असता.

व्हिसा मे महिन्यात आला. जूनमध्ये भोसरीला लग्न झालं. मी गेले होते. दोन्ही प्रतिमांसमोर मेणबत्त्या, बौद्धाचार्यांमागून आम्ही सगळ्यांनी म्हटलेलं त्रिशरण-पंचशील, पांढऱ्या साडीतली स्नेहल, पाकळ्यांचा वर्षाव, तीनशे माणसांची पंगत. लग्न लावून देणाऱ्या बौद्ध संस्थेने त्यांना लग्नाचं छापील प्रमाणपत्र दिलं, त्यावर जूनची तारीख. जुलैमध्ये स्नेहल गेली.

पुढच्या फेब्रुवारीत अमोल स्वतःची फाईल घेऊन आला. सगळं नीट लावून. क्वालिटीवाला माणूस, फोटोंच्या मागे पेन्सिलीने नंबर टाकलेले. मी खूश होते. अशी फाईल दोन दिवसांत होते. मी फॉर्म उघडला, लग्नाची तारीख भरायला नोंदणीचा दाखला हातात घेतला. मार्च. खाली तीन सह्या, तिसरी माझी.

मी स्नेहलचा जुना फॉर्म उघडला. एप्रिल. लग्न ठरलेलं.

अमोल समोर बसून चहा पीत होता. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिले. कायद्याने ती एप्रिलमध्ये विवाहित होती आणि तिने नवरा सांगितला नव्हता. म्हणजे हा लपवलेला जोडीदार. म्हणजे कडी लागली. आणि नुसती कडी नाही. स्वतःच्या अर्जात खोटी माहिती दिली असं धरलं तर स्नेहलचा व्हिसाही जाऊ शकतो.

"ताई, काय झालं?"

मी सांगितलं. त्याने दाखला हातात घेऊन तारीख वाचली. मग म्हणाला, "पण तेव्हा आमचं लग्न झालं नव्हतं ना."

"झालं होतं अमोल. मी साक्षीदार आहे."

"तुम्ही जूनमध्ये पण होता की. श्रीखंड दोनदा घेतलं होतं तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात सगळे जमले. अमोल, त्याची आई, तात्या, मी, आणि माझ्या फोनवर मेलबर्नहून स्नेहल. अमोलची आई म्हणजे आमच्या सगळ्यांची मावशी. वीस वर्षं एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटलेली बाई. तिला दोन कागद दाखवून मी समजावलं.

मावशी म्हणाली, "यात अवघड काय आहे? लग्न जूनमध्ये झालं. मार्चात सून घरात आली नव्हती."

"मावशी, कायद्याने मार्चमध्येच झालं. सही झाली की झालं."

"मग जूनमध्ये तीनशे माणसं जेवली ती कशाला?"

मला माझं लाल शाईतलं वाक्य आठवलं.

तात्यांनी मार्ग काढला. तात्या नेहमी मार्ग काढतात. "हे बगा. संस्थेचं सर्टिफिकेट हाय ना जूनचं? त्येच लावायचं. त्या कागदावर महापालिकेत नोंद करून घिऊ, जूनचीच तारीख पडंल. मार्चाचा कागद कपाटात. व्हिसा मेचा, लग्न जूनचं. सगळं सरळ. कुनाला काय कळतंय?"

"तात्या, ते खोटं होईल."

"काय खोटं? जूनमधी लगीन झालं न्हाई? तू जेवली न्हाईस?"

हीच तर पंचाईत होती. ते खोटं होतं का? मी आयुष्यभर खोट्या कागदांविरुद्ध लिहीत आले होते. खोटे हजेरीपट, खोटे अनुभवाचे दाखले, कामगारांकडून कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या. यातलं प्रत्येक खोटं मला लांबून ओळखता यायचं. पण हे? मावशीच्या लेखी जून खरा होता. स्नेहलच्या लेखी खरा होता. त्या तीनशे माणसांच्या लेखी खरा होता. आणि खरं बोलायचं तर एप्रिलमध्ये टिक करताना माझ्या लेखीही तोच खरा होता. मार्च खरा होता तो फक्त एका रजिस्टरात, आणि एका पत्रकात.

तरी मी म्हटलं, "दोन दाखले झाले की एक लपवावा लागतो. जो लपवावा लागतो तोच पुढे सापडतो. आपण चूक झाली असं लिहून देऊ. सगळं सांगू."

फोनवरून स्नेहल पहिल्यांदा बोलली. "सगळं सांगू म्हणजे माझ्या अर्जात खोटं होतं हे मीच सांगायचं?"

"चूक होती असं सांगायचं."

"आणि त्यांनी माझा व्हिसा रद्द केला तर? ताई, इथे मी एकटी राहते, सकाळी कॉलेज, संध्याकाळी एका वृद्धाश्रमात काम. सात महिने काढलेत. तत्त्व तुमचं आणि व्हिसा माझा."

तिने पुढे म्हटलं, "तुम्ही मला विचारलं होतं लग्न कधीय. सही झाली का असं विचारलं नव्हतं."

"मला विचारायची गरजच नव्हती गं. सही मी पाहिली होती."

"मग?"

खाली गॅरेजमध्ये कुणीतरी बुलेट रेस करत होतं. तात्यांनी उठून खिडकी लावली.

शेवटी अमोल बोलला. तो मुळात कमी बोलणारा. म्हणाला, "आमच्याकडे लाल डबा असतो. लाईनवर पार्ट चुकला की ज्याच्या हातून चुकला त्याने स्वतः उचलून त्यात टाकायचा आणि टॅग लावायचा. काय चुकलं, कुणाकडून, कधी. लाईन थांबते. सुपरवायझर आईवरून बोलतो. एक दिवस वाईट जातो. पण तोच पार्ट तसाच पुढे ढकलला आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन सापडला, तर एक पार्ट परत येत नाही. अख्खा लॉट परत येतो. मग चांगलेही मोजत नाहीत."

"म्हणजे काय करायचं म्हणतोस?" स्नेहलने विचारलं.

"आज सांगितलं तर मी राहीन मागे. तुझं शिक्षण कदाचित वाचेल. पाच वर्षांनी पीआरच्या, तिथे कायमचं राहायच्या अर्जाच्या वेळी सापडलं तर तू, मी, जे काही जमवलं असेल ते, सगळं लाल डब्यात."

"कदाचित वाचेल," स्नेहल म्हणाली.

"कदाचितच. गॅरंटी ताई पण देत नाहीयेत."

तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "दे की गॅरंटी. एरवी लई छातीठोक बोलतीस."

मी दिली नाही. पत्रकात कधी 'कदाचित' लिहायची वेळ आली नव्हती. स्नेहलने एक रात्र मागून घेतली आणि सकाळी अमोलला दोनच शब्द पाठवले: टॅग लाव.

मग पत्र. ते मी लिहिलं, अडीच पानं. आपल्या समाजात विवाह ही केवळ प्रशासकीय घटना नसून इथपासून सुरुवात. वसाहती काळातल्या कायद्यांपर्यंत जाऊन आले. कागद माणसासाठी की माणूस कागदासाठी, असा खडा सवाल तिसऱ्या पानावर. अमोल शिफ्टहून येताना थांबला, उभ्याने वाचलं.

"ताई, हे साहेबाला द्यायचंय की गेटवर वाटायचंय?"

"का? चुकीचं काय आहे?"

"चुकीचं काही नाही. पण टॅगवर एवढी जागा नसते."

त्याने माझ्याच टेबलावर बसून मराठीत मजकूर सांगितला, मी इंग्रजी केलं. आम्ही मार्चमध्ये कायद्याने लग्न केलं. आमच्या घरी समारंभ झाल्याशिवाय लग्न झालं असं मानत नाहीत आणि एकत्र राहत नाहीत. म्हणून एप्रिलच्या अर्जात लग्न ठरलेलं असं लिहिलं. ते चूक होतं. फॉर्म भरणारीलाही कळलं नाही, आम्हालाही कळलं नाही. दोन्ही दाखले जोडले आहेत.

"'फॉर्म भरणारीलाही' हे काढू का?" त्याने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं.

तसंच एक पत्र स्नेहलने तिकडून तिच्या नावाने दिलं. मग वाट पाहणं. या धंद्यात वाट पाहणं गिऱ्हाइकाचं असतं, आपण पुढच्या फायलीला लागतो. त्या वेळी मला ते जमलं नाही. ईमेलचा आवाज आला की हातातली फाईल तशीच टाकून मी आधी ते उघडायचे. जेवताना वडिलांना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं मी शाबासकीसाठी सांगतेय. म्हणाले, "बरोबर केलंस. खरं ते लिहून दिलंस." आई वाढता वाढता म्हणाली, "तिचं काय जातंय लिहून द्यायला?" दोघंही बरोबर होते.

निकाल दोन तुकड्यांत आला. अमोलला नकार. कारण एका परिच्छेदात, अगदी सभ्य भाषेत: अर्जदार हा मूळ अर्जाच्या वेळी पती होता आणि त्याचा उल्लेख केलेला नव्हता. आमच्या चालीरीतींबद्दल एक अक्षर नाही, बरं नाही की वाईट नाही. स्नेहलकडे त्यांनी खुलासा मागितला, तिने दिला, आणि काही आठवड्यांनी कळवलं की तिच्या व्हिसावर कारवाई करत नाही. लॉट वाचला होता. पार्ट गेला.

अमोल नकाराचं पत्र घेऊन ऑफिसात आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. मी तयारी करून ठेवली होती, चांगली वाक्यं होती. त्याने मध्येच विचारलं, "पुढे काय करता येतं ते सांगा ना."

पुढे एकच करता येत होतं. स्नेहलने नवा स्टुडंट व्हिसा मागायचा, त्यात नवऱ्याचं नाव पहिल्या दिवसापासून लिहायचं, तो मिळाला की अमोलने पुन्हा अर्ज करायचा. नवा व्हिसा मागायला नवं कारण हवं, म्हणजे आणखी शिक्षण. स्नेहलला दोन वर्षांत संपवून नोकरी शोधायची होती. तिने मनात नसताना एक वर्षाचा जादा कोर्स जोडून घेतला. म्हणजे एक जादा वर्ष अभ्यास, एक जादा वर्ष त्या वृद्धाश्रमातली संध्याकाळ, माझ्या एका चुकीच्या खुणेपायी. तात्यांनी त्या दोन्ही फायलींची फी घेतली नाही. मला बोलले मात्र पुष्कळ. "आपल्या शब्दाखातर लोक दोन-दोन लग्नं करत्यात, आन आपुन एक धड मोजत न्हाई."

नवा फॉर्म भरायला आम्ही तिघं व्हिडिओवर बसलो. वैवाहिक स्थिती: विवाहित. लग्नाची तारीख. मी विचारलं, "काय लिहू?"

"तुम्ही सांगा," स्नेहल म्हणाली. "तुम्हाला माहितीये."

मी मार्च लिहिला. मोठ्याने वाचून दाखवला. स्नेहलने पुढचा रकाना विचारला.

या वेळी दोन्ही व्हिसा आले. अमोलच्या व्हिसाचं ईमेल मीच त्याला फोनवर वाचून दाखवलं, तो लाईनवर होता, मागे मशीनचा आवाज होता, त्याने तीनदा "काय?" विचारलं. जायच्या आदल्या दिवशी तो मावशीला घेऊन पेढे द्यायला आला. मावशीने मला पेढा भरवला आणि म्हणाली, "तू शिकलेली आहेस म्हणून विचारते. माझ्या लेकराचं लग्न नक्की कधी झालं?"

मी म्हटलं, "मावशी, मला माहीत नाही."

"मलाही वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि दुसरा पेढा तात्यांकडे घेऊन गेली.

मी ती नोकरी सोडून आता काही महिने झाले. सोडण्याआधी एक सवय लावून घेतली होती. समोर बसलेल्या प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारायचे: सही झाली का, समारंभ झाला का, एकत्र राहायला लागलात का? लोक चमकून बघायचे. एका मुलाने बाहेर जाऊन मित्राला सांगितलेलं मी ऐकलं, "ताई फार पर्सनल विचारतात राव." ते पत्रक मी पुन्हा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त ते लिहिणाऱ्या मुलीवर मी आज फॉर्म भरायचं काम सोपवणार नाही.

यंदाच्या मार्चमध्ये तो मंगळवार ज्या तारखेला होता ती तारीख आली. मला ती विसरणं शक्य नाही. सकाळी उठल्या उठल्या मी स्नेहलला मेसेज केला, लग्नाच्या वाढदिवसाच्या दोघांना शुभेच्छा, सोबत फुलं. दुपारी फोटो आला. छोटंसं स्वयंपाकघर, ओट्याशी अमोल पोळी लाटतोय, अगदी मावशीसारखे खांदे करून. खाली स्नेहलची ओळ:

"ताई, आमचा जूनमध्ये असतो. मार्चचा तुमचा."